तंजावरचा ग्रंथसंग्रह : छंद की व्यासंग ?

१७९९ हे वर्ष दक्षिण हिंदुस्थानच्या राजकीय इतिहासात जितके निर्णायक, तितकेच ते ग्रंथसंग्रहांच्या इतिहासातही अर्थपूर्ण आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतानाचा अंत झाला आणि त्याचे ग्रंथालय विजेत्यांच्या हाती सापडले. त्यातील काही हस्तलिखिते कलकत्त्यास गेली, काही लंडनला पोहोचली. १८०९ मध्ये चार्ल्स स्ट्यूअर्ट याने त्यांची वर्णनात्मक सूची इंग्लंडात प्रसिद्ध केली, तेव्हा ती सूची एका जिवंत ग्रंथालयाची नव्हती. पांगलेल्या संचिताचा तो पंचनामा होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी कंपनी सरकारशी तह केला. राज्याचा सारा कारभार कंपनीच्या स्वाधीन झाला. राजांकडे किल्ला, त्याच्या भोवतीचा थोडा मुलूख, सालीना एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. एका ठिकाणी राज्याबरोबर ग्रंथ गेले. दुसऱ्या ठिकाणी राज्य गेले आणि त्यानंतरच ग्रंथ खऱ्या अर्थाने वाढीस लागले.

या दुसऱ्या घटनेचा अर्थ लावताना अभ्यासकांत सहसा दोन सूर ऐकू येतात. एक गौरवाचा : सरफोजी म्हणजे विद्याविलासी राजा, आणि सरस्वती महाल म्हणजे त्यांची अक्षय कीर्ती. दुसरा उपहासाचा : हातातील सत्ता गेलेल्या माणसाने पुस्तके, नकाशे, चित्रे आणि यंत्रे जमवून मन रमविले, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही सुरांत एक गोष्ट समान आहे. दोघांनाही संग्रह म्हणजे वस्तूंची रास वाटते. एकाला ती रास भव्य दिसते, दुसऱ्याला व्यर्थ. परंतु संग्रहाचे मोल राशीवरून ठरत नाही. जमविलेल्या वस्तूचे संग्राहकाच्या हाती पुढे काय झाले, हा खरा प्रश्न आहे, आणि तंजावरच्या बाबतीत तो पुरेशा चिकाटीने विचारला गेलेला नाही.

प्रथम हे लक्षात घ्यावयास हवे की, सरफोजींनी पोकळीत आरंभ केला नव्हता. व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरचे राज्य मिळविले, तेव्हा नायक राजांच्या काळापासून चालत आलेले सरस्वती-भांडार त्यांच्या वंशाकडे आले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे (१६८४–१७१२) यांनी १६९३ मध्ये तिरुविसनल्लूर हे गाव शेहेचाळीस पंडितांना अग्रहार म्हणून दिले. ते शाहजीराजपुरम् या नावाने ओळखले जाऊ लागले. शहाजी स्वतः मराठी, तेलुगु आणि संस्कृत या भाषांत लिहीत. कावेरीच्या खोऱ्यात मराठी बोलणारे हे राजे तेलुगु ही संगीताची, संस्कृत ही शास्त्राची, तमिळ ही प्रजेची आणि मराठी ही घराची व दफ्तराची भाषा मानून चालले. या बहुभाषिक व्यवहारातून जो ग्रंथसंचय झाला, तो मुळातच कोणा एका भाषेचा अभिमान मिरविण्यासाठी नव्हता. सरफोजींना मिळालेला वारसा हा असा होता.

त्या वारशात दुसरा प्रवाह मिसळला तो त्यांच्या शिक्षणामुळे. १७७७ मध्ये जन्मलेल्या या मुलाला तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये, मृत्यूपूर्वी, दत्तक घेतले. परंतु गादीवर तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह बसले. मुलाचे संगोपन आणि रक्षण यांची काळजी क्रिस्टियान फ्रीड्रिख श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याने वाहिली, आणि त्याचे पुढचे शिक्षण मद्रासेत झाले. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले, त्याच वर्षी श्वार्ट्‌झचे निधन झाले. शिष्याने गुरूचा धर्म स्वीकारला नाही. मात्र त्याच्या स्मरणार्थ जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले आणि त्याच्यावर इंग्रजीत पद्यमय स्मृतिलेख रचला. सरफोजींच्या साऱ्या संग्रहवृत्तीची किल्ली या प्रसंगात सापडते. परक्याकडून घ्यावयाचे ते घ्यावे, पण स्वतःचे आसन सोडू नये, ही ती वृत्ती होय.

संग्रहाच्या वाढीचे मार्ग तीन दिसतात. पहिला नकलेचा. ताडपत्र आणि कागद यांना दक्षिणेच्या दमट हवेत आयुष्य थोडे. म्हणून ग्रंथ राखावयाचा तर तो वेळोवेळी पुन्हा लिहून काढणे भाग असे. राजवाड्यात पंडित आणि लेखक यांना त्यासाठी नेमणुका असत. वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी आणि कापूर यांची पूड पुरचुंड्यांत बांधून पोथ्यांच्या शेजारी ठेवण्याची येथील परंपरा प्रसिद्ध आहे. ग्रंथरक्षण हे तेथे नित्यकर्म होते, याची ती साक्ष. दुसरा मार्ग यात्रेचा. १८२० ते १८२२ या काळात सरफोजींनी मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रा केली आणि परतताना पुण्याबरोबर हस्तलिखितेही आणली. तिसरा मार्ग खरेदीचा. तंजावरला रेसिडेंट असलेला बेंजामिन टोरिन इंग्लंडला परतल्यावर राजांसाठी पुस्तके आणि शास्त्रीय उपकरणे पाठवीत असे. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन या भाषांतील सुमारे साडेचार हजार छापील ग्रंथ अशा रीतीने जमले. जॉन्सनचा इंग्रजी कोश, लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ, माणसांचे आणि पशूंचे चेहरे शेजारी मांडून दाखविणारी शार्ल लब्रँ याची चित्रे, जुने नकाशे, खोदचित्रांचे संच असा त्याचा विस्तार. त्यांपैकी पुष्कळ पुस्तकांवर राजांची इंग्रजी सही आढळते.

याच सुमारास याच प्रदेशात आणखी एक मोठा संग्राहक वावरत होता, तो म्हणजे कर्नल कॉलिन मॅकेन्झी. त्याने आपल्या एतद्देशीय साहाय्यकांकडून गावोगावच्या कैफियती, शिलालेखांच्या नकला, हस्तलिखिते आणि रेखाचित्रे गोळा केली. १८२१ मध्ये तो वारल्यावर कंपनीने तो संग्रह विकत घेतला. मॅकेन्झीचे ऋण मोठे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो मोजणीदार होता, आणि मुलूख मोजणे व त्याची स्मृती गोळा करणे ही एकाच राज्ययंत्राची दोन अंगे होती. सरफोजींचा ओघ नेमका उलट. ज्यांच्या मुलखाची मोजणी होत होती, त्यांच्यापैकीच एकाने मोजणाऱ्यांच्या विद्येचे ग्रंथ, त्यांचे नकाशे आणि त्यांची शास्त्रे आपल्या वाड्यात आणून अभ्यासावयास घेतली.

अभ्यासावयास घेतली, हा शब्दप्रयोग जपून केला आहे. त्याला पुरावा हवा. पहिला पुरावा नकाशांचा. ‘कुरवंजी’ हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरी जमातीची भविष्य सांगणारी स्त्री येते आणि विरहिणी नायिकेला आपल्या डोंगराचे, देशाचे वर्णन ऐकवून तिचे भाकीत सांगते. सरफोजींच्या नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात हीच कुरवंजी पदांतून साऱ्या जगाचा भूगोल सांगते. सरस्वती महालाने हे नाटक १९५० मध्ये प्रसिद्ध केले. कपाटातील युरोपीय नकाशा येथे रागतालात बसविलेल्या मराठी पदांत उतरला आहे. दुसरा पुरावा छापखान्याचा. राजवाड्यात देवनागरी छपाईची सोय करून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या कथांचे मराठी भाषांतर छापण्यात आले. श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण निघाले ते १८०५ मध्ये; म्हणजे मराठी मुद्रणाच्या अगदी उष:काली तंजावर उपस्थित होते. तिसरा पुरावा वैद्यकाचा. धन्वंतरी महालात देशी आणि विलायती वैद्यकाचा अभ्यास चाले. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आणि त्यांच्यासोबतच्या नोंदी अजून जपलेल्या आहेत. चित्र हे तेथे शोभेचे नव्हते, ते निदानाचे साधन होते. चौथा पुरावा दगडाचा. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविण्यात आला. जो राजा कागद आणि ताडपत्र यांचे नश्वरत्व रोज पाहत होता, त्याने वंशाची आठवण मात्र दगडाकडे सोपविली.

ग्रंथ, नकाशा, चित्र आणि शिला यांचा हा परस्पर व्यवहार ध्यानी घेतला, म्हणजे ‘छंद’ हा शब्द अपुरा ठरतो. छंदिष्टाला वस्तू हवी असते; व्यासंगी माणसाला त्या वस्तूतून निघणारे पुढचे काम हवे असते.

तथापि दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे नाटक म्हणून थोर आहे, असे कोणी म्हणणार नाही; देश, नद्या आणि पर्वत यांच्या याद्यांनी त्यातील नाट्य गुदमरते. इसापाच्या कथांचे पुस्तक छापले गेले, पण त्याने महाराष्ट्रात वाचक निर्माण केले नाहीत; महाराष्ट्रातील मुद्रणाची परंपरा तंजावरशी नाते न सांगताच वाढली. साऱ्या खटाटोपाचा खर्च ज्या वसुलातून निघाला, तो कावेरीकाठच्या शेतकऱ्याचा होता, हेही विसरता येत नाही. १८२६ च्या मार्चमध्ये बिशप हेबर तंजावरला आला आणि राजांच्या बहुश्रुतपणाने थक्क झाला. परंतु परक्या पाहुण्याला थक्क करणे आणि आपल्या भाषेत विचाराची परंपरा उभी करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. तंजावरच्या संग्रहाने ज्ञान मराठीत आणले. ते मराठी समाजात पोहोचविण्याचे सामर्थ्य मात्र त्याच्यापाशी नव्हते. याचे कारण राजांच्या वृत्तीत नसून त्यांच्या स्थितीत आहे. मूळ भूमीपासून तुटलेली, संख्येने लहान अशी ती मराठी वस्ती होती. तिला वाचकवर्गाचे पाठबळ नव्हते.

सरफोजी १८३२ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये औरस पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. राजवाड्यातील खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. कामाक्षीबाई राणीसाहेबांनी त्याविरुद्ध दावा लावला. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने दिलेला निकाल १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने फिरविला. पुढे सरकारने ती मालमत्ता राण्यांना परत केली, पण ती हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून. श्रीरंगपट्टणच्या ग्रंथांची गत या ग्रंथांची होऊ शकली असती. ती झाली नाही. ए. सी. बर्नेल या न्यायाधीश पंडिताने केलेली संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये निघाली, आणि ग्रंथ जागीच राहिले. १९१८ मध्ये मद्रास सरकारच्या देखरेखीखाली हे ग्रंथालय सार्वजनिक झाले. त्यानंतर लांडगे, कागलकर, पतंग अवधूत अशा तंजावरी मराठी घराण्यांचे खाजगी संग्रहही त्यात येऊन मिळाले. पी. पी. एस. शास्त्री यांची एकोणीस खंडांची संस्कृत सूची १९२८ पासून प्रसिद्ध होऊ लागली. संस्कृत हस्तलिखिते सुमारे एकोणचाळीस हजार, मराठी तीन हजारांवर, शिवाय मोडी दफ्तराचे तेराशेहून अधिक रुमाल अशी ही संपत्ती आहे.

तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने काय होते, याचे उदाहरण मराठी नाटकाच्या इतिहासातच आहे. मराठी नाटकाचा आरंभ १८४३ मध्ये, सांगलीला विष्णुदास भावे यांच्या प्रयोगापासून, असे दीर्घकाळ मानले गेले. तंजावरची नाटके अभ्यासकांपुढे आल्यावर, शहाजी राजांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ १६९० च्या सुमाराचे असल्याचे दिसले आणि तो आरंभ दीड शतक मागे गेला. दोन्ही परंपरांत प्रत्यक्ष नाते नाही, हे खरे; परंतु ‘पहिले’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी तंजावरकडे पाहिले पाहिजे, एवढा धडा त्यातून मिळाला. न वाचलेला संग्रह मुका नसतो. तो आपल्या वाङ्मयेतिहासातील विधाने गुपचूप खोटी ठरवीत असतो.

पुण्यात राजवाड्यांनी आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने राज्य बुडाल्यानंतर शंभर वर्षांनी घराघरांतले कागद गोळा केले. तेथे संग्राहक आणि वाचक एकच होते, म्हणून तो संग्रह बोलका झाला. तंजावरला संग्राहक होता, वाचक यावयाचा होता. तो अंशतः आला, आणि कोठून आला हे विचार करण्याजोगे आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये तेथील मोडी कागदपत्रांतील निवडक मजकुराचे तमिळ भाषांतर टिपणांसह तीन खंडांत प्रसिद्ध केले. मराठी राजांचा कारभार, मंदिरांची देणगी, नाचगाण्याचा खर्च, औषधांची यादी यांचे वाचन तमिळ अभ्यासकाने आपल्या भूमीचा इतिहास म्हणून केले. यात मराठी माणसाने खंत मानण्याचे कारण नाही. बहुभाषिक वारशाचा तो योग्यच विनियोग आहे. मात्र त्या कागदांची मूळ भाषा ज्यांची मातृभाषा आहे, त्यांच्यावरही काही कर्तव्य येऊन पडते.

सरफोजींनी आपल्या पुस्तकांवर सही केली ती मालकीची खूण म्हणून असेल. आज ती निमंत्रणासारखी वाचता येते. राज्य सांभाळण्याची मुभा त्यांना उरली नव्हती, ग्रंथ सांभाळण्याची होती, आणि तेवढे काम त्यांनी पुरे केले. संग्रहाचे उरलेले अर्धे काम वाचनाचे आहे. ते कोणत्याही राजाला आपल्या प्रजेसाठी आगाऊ करून ठेवता येत नाही.