घरावर रेडिओचा अँटेना उभारायचाय? परवाना, तपासणी आणि नोंदवहीची माहिती

पूर्वी रेडिओ ऐकायचा तरी पोस्टात जाऊन लायसनचे पैसे भरावे लागत. घराच्या आढ्यापासून परसातल्या झाडापर्यंत तांब्याची तार ताणलेली असायची. तो काळ गेला. १९८० च्या दशकात रेडिओ ऐकण्याचं लायसन बंद झालं. आज घरावर टीव्हीचा, डिशचा किंवा नुसता ऐकण्याचा अँटेना लावला तर कोणी विचारत नाही. पण घरातून रेडिओवर बोलायचं असेल, म्हणजे सिग्नल हवेत सोडायचा असेल, तर मात्र परवाना लागतो. तो नसेल तर गुन्हा होतो.

ऐकणं आणि बोलणं यातला फरक समजून घ्यायला पवईचं उदाहरण चांगलं आहे. तिथल्या आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी ‘प्रथम’ नावाचा छोटा उपग्रह बनवला. २६ सप्टेंबर २०१६ ला तो श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३५ मधून अवकाशात गेला. वजन साधारण १० किलो. वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजणं हे त्याचं काम. त्याचा सिग्नल पकडण्यासाठी इतर कॉलेजांनीही आपापल्या गच्चीवर अँटेना उभारण्याचं ठरलं होतं. असा अँटेना फक्त ऐकतो. त्यातून कुणाला किरणांचा धोका नसतो. धोका असतो तो लोखंडी पाइपाचा, विजेच्या तारेचा आणि आकाशातल्या विजेचा. गावातल्या टीव्हीच्या अँटेनालाही हेच लागू.

परवाना कसा मिळतो

हौशी रेडिओला सगळे ‘हॅम रेडिओ’ म्हणतात. आपल्याकडे त्याचे नियम १९७८ च्या नियमावलीतले. आता १८८५ च्या तार कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. त्यामुळे फी आणि अर्जाची पद्धत बदलू शकते. अर्ज करण्याआधी दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर ताजी माहिती बघा. एजंटाला पैसे देऊ नका, गरजच नाही.

परीक्षा द्यावी लागते. वय किमान १२ वर्षं. दोन दर्जे आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. पहिल्यात रेडिओचं साधं तंत्र आणि नियम विचारतात; जनरलला मोर्स कोडही यावा लागतो. पास झाल्यावर परवाना आणि स्वतःचं नाव-चिन्ह मिळतं, म्हणजे कॉलसाइन. जनरलचं बहुतेक व्हीयू२ ने आणि रिस्ट्रिक्टेडचं व्हीयू३ ने सुरू होतं. बोलताना सुरुवातीला आणि शेवटी ते सांगावंच लागतं. धंद्याचे निरोप, गाणी, सांकेतिक भाषा चालत नाही.

कोण ऐकतंय असं वाटत असेल तर बोरिवलीला गोराई रोडवर केंद्र सरकारचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन आहे. हवेतले सिग्नल तपासणं हेच त्यांचं काम. विदर्भातल्या लोकांसाठी नागपूरलाही असं केंद्र आहे.

ऑनलाइन मिळणारे मोबाइल बूस्टर यात बसत नाहीत, हे इथेच सांगून टाकू. गावात रेंज नाही म्हणून लोक दोन-तीन हजाराचा बूस्टर छतावर लावतात. तो बेकायदेशीर आहे आणि त्याने शेजारच्या टॉवरचं काम बिघडतं.

पाइप उभा करण्याआधी

सगळ्यात जास्त जीव जातो तो रेडिओच्या लहरींनी नाही, विजेच्या तारेने. पाइप उभा करताना हातातून सुटला आणि ११ केव्हीच्या तारेवर पडला, तर धरणारा वाचणं कठीण. म्हणून पाइप आणि अँटेना मिळून जेवढी उंची, तिच्या किमान दीडपट अंतर तारेपासून ठेवा. वीस फूट उंच असेल तर तीस फूट. बांबू वापरला म्हणून निश्चिंत राहू नका, ओला बांबू वीज वाहून नेतो. अँटेना तारेवर पडलाच तर हात लावू नका, काठीनेही नाही. लांब उभे राहा आणि १९१२ वर फोन करून लाइन बंद करायला सांगा.

विमानतळाजवळ उंचीचे वेगळे नियम आहेत. पवईसारख्या ठिकाणी मुंबई विमानतळ जवळ असल्याने उंच खांबाला विमानतळ प्राधिकरणाची परवानगी बघावी लागते. शिर्डी, कोल्हापूर, जळगाव, नांदेड, ओझर या भागातल्या लोकांनीही हे लक्षात ठेवावं. शहरात गच्ची सोसायटीची असते, तिथे सोसायटीचं लेखी ना हरकत पत्र घ्या. गावात घर आपलं असलं तरी शेजाऱ्याला आधी सांगून ठेवलेलं बरं. नंतर टीव्ही खरखरला की पहिलं बोट तुमच्याकडेच येतं.

अर्थिंग वेगळं करून सोडून देऊ नका. पाइपाचं अर्थिंग आणि घराच्या मीटरचं अर्थिंग जाड तारेने एकमेकांना जोडलेलं हवं. नाहीतर वीज पडल्यावर दोघांमधला दाब तुमच्या रेडिओतून जातो. आणि खरं सांगायचं तर थेट वीज पडली तर कोणतंही अर्थिंग पूर्ण वाचवत नाही. ढग गडगडायला लागले की केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवणं हाच उपाय.

शेजाऱ्याला किरणं लागतात का?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. मोबाइल टॉवरसाठी भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहावा भाग इतकी मर्यादा लावली. टॉवरची माहिती ‘तरंग संचार’ पोर्टलवर दिसते, शुल्क भरून मोजणीही मागता येते. घरच्या हॅम अँटेनाची अशी मोजणी आपल्याकडे कोणी येऊन करत नाही. अमेरिकेत मात्र ३ मे २०२१ पासून नियम बदलला. पूर्वी कमी ताकदीच्या हॅम केंद्रांना आपोआप मिळणारी सूट गेली, आणि जुन्या केंद्रांनाही ३ मे २०२३ पर्यंत स्वतःच हिशोब करून घ्यायला सांगितलं गेलं. तो हिशोब कुठे पाठवायचा नसतो, आपल्याकडे ठेवायचा असतो.

तो हिशोब आपणही करू शकतो. समजा रेडिओ ५० वॅटचा आहे, व्हीएचएफवर चालतो आणि अँटेना एका दिशेला चौपट जोर देतो. म्हणजे त्या दिशेला २०० वॅट. आता अंतर मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला १२.५७ ने गुणा आणि २०० ला त्या आकड्याने भागा. २ मीटरवर उत्तर येतं जवळपास ४ वॅट प्रति चौरस मीटर, ३ मीटरवर १.८, आणि ५ मीटरवर ०.६. या लहरींसाठी सामान्य माणसाची आंतरराष्ट्रीय मर्यादा २ आहे. म्हणजे २ मीटरवर कोणी उभं राहता कामा नये. टॉवरच्या धर्तीवर दहावा भाग, म्हणजे ०.२ धरला, तर ९ मीटर अंतर लागतं.

हा हिशोब सतत बोलत राहिल्याचा आहे. प्रत्यक्षात अर्धा वेळ आपण ऐकतो, त्यामुळे सरासरी कमी येते. उलट पत्र्याचं छप्पर जवळ असेल तर परावर्तनाने वाढते. म्हणून काठावर राहू नका. अँटेना गच्चीवर कपडे वाळत घालायच्या उंचीवर लावण्यापेक्षा डोक्यावरून चांगला वर न्या. पोरं गच्चीत खेळत असतील तर बोलायचं बटन दाबू नका.

दोन वह्या ठेवा

पहिली वही नियमाची, तिला लॉगबुक म्हणतात. तारीख, वेळ, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, कोणत्या प्रकारे, समोरच्याचं कॉलसाइन आणि काय बोलणं झालं ते थोडक्यात. दुसऱ्या ठिकाणाहून बोललात तर ते ठिकाणही. तपासणी झाली तर हीच वही मागतात. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी कागदावर उतरवून ठेवा. फोन पाण्यात पडला की सगळं गेलं.

दुसरी वही कोणी मागत नाही, पण जास्त उपयोगी तीच. अँटेना कधी लावला, उंची किती, वरचा अंतराचा हिशोब, अर्थिंग कधी मोजलं आणि एसडब्ल्यूआर मीटर काय दाखवत होता. एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेल्या ताकदीपैकी किती परत येते याचा अंदाज. १ च्या जवळ असेल तर उत्तम, ३ च्या वर गेला तर रेडिओ खराब होऊ शकतो. गेल्या महिन्यात १.३ होता आणि आज २.५ असेल, तर बहुतेक केबलच्या जोडात पाणी शिरलंय. जुना आकडा लिहिलेला नसेल तर हे कळणार कसं? रेडिओची चाचणी करताना अँटेनाऐवजी डमी लोड जोडा, म्हणजे सिग्नल बाहेर जात नाही.

तपासणी मृग लागायच्या आत करा. ताणाच्या तारा, गंजलेले नटबोल्ट, केबलचे जोड. समुद्राजवळच्या तालुक्यांत गंज फार लवकर चढतो, तिथे दिवाळीनंतर पुन्हा एकदा बघा.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बाहेरच्या जगाशी बोलायला हॅमवाल्यांचे रेडिओ कामी आले होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, पवई आणि विहार तलावांकडून येणारी मिठी नदी फुगली आणि मुंबईत फोन लागेनासे झाले. अशा दिवशी ज्याचा खांब उभा राहिला आणि बॅटरी चार्ज आहे, त्याचाच रेडिओ बोलतो. त्यामुळे इन्व्हर्टरची किंवा ट्रॅक्टरची एक १२ व्होल्टची बॅटरी रेडिओला जोडून महिन्यातून एकदा चालवून बघा, आणि ती तारीखही दुसऱ्या वहीत टाका.