बेलवांगी आणि उकाड्याच्या रात्री

टोमॅटोला आपल्याकडची जुनी माणसे बेलवांगी म्हणत. विदर्भात भेदरं म्हणतात. बंगालीत तर त्याला 'विलायती वांगे' अशा अर्थाचे नाव होते. मराठी घेऊन बी. ए. केलेल्या माणसाला शब्दांचा नाद सुटत नाही, आणि या नावांचा माग काढता काढताच मी ह्या फळाच्या इतिहासात शिरले.

टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, पेरू-एक्वादोरच्या भागातले. मेक्सिकोत त्याची शेती चांगली रुजली. तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल' शब्दावरून आजचे नाव आले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पुढे पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला असे मानतात. इथे आल्यावर त्याने सगळे सोसले, पण एक गोष्ट त्याच्या अंगवळणी पडली नाही. ती म्हणजे आपला उन्हाळा.

ज्यांनी गच्चीवर कुंडीत का होईना टोमॅटो लावला आहे, त्यांनी हे पाहिले असेल. एप्रिल-मेमध्ये झाड हिरवेगार असते, फुलांचे घोस लागतात, पाणी आणि खत दोन्ही वेळेवर असते. तरीही फुले देठाशी पिवळी पडून टपाटप गळतात. आपण दोष देतो दुपारच्या उन्हाला. पण ह्या प्रकरणात रात्रीचाही मोठा हात आहे, हे ज्याने प्रथम नीट मोजून दाखवले त्या माणसाची गोष्ट मला सांगायची आहे.

त्याचे नाव फ्रित्स वेंट. जन्म १९०३, हॉलंडचा. वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. ओटच्या कोवळ्या कोंबातून वाढीला चालना देणारे द्रव्य, म्हणजे ऑक्सिन, वेगळे करून त्याने विशीतच नाव कमावले. मग काही वर्षे जावा बेटावर काढली आणि १९३३ साली तो कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला गेला. तिथे त्याने तापमान हवे तसे राखता येईल अशी काचघरे उभारली. दिवसाचे तापमान वेगळे, रात्रीचे वेगळे, आणि रोपे एकातून दुसऱ्यात हलवायची. १९४४ साली त्याने निष्कर्ष छापला. रात्री १५ ते २० अंश सेल्सियस असेल तर टोमॅटोला भरपूर फळ धरते. रात्र याहून फार थंड किंवा फार उबदार झाली की फळ कमी होते, नाहीतर धरतच नाही.

आता आपल्याकडच्या मेमधल्या रात्री आठवा. पंचवीस अंशांच्या खाली पारा उतरला तर आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो!

वेंटचे म्हणणे पुढे जसेच्या तसे राहिले नाही. अमेरिकेतल्याच मेरी पीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले की केवळ रात्र नव्हे, तर दिवस-रात्र मिळून पडणारी सरासरी निर्णायक असते. ती २५ अंशांवरून २९ वर गेली तरी फळधारणा कोसळते. कारण पराग. फूल उमलण्याच्या आठवडा-दीड आठवडा आधी, कळी अगदी लहान असताना, त्यात पराग घडत असतात. तेव्हा उष्मा झाला की ते निकस होतात. म्हणजे आज गळालेल्या फुलाचे कारण गेल्या आठवड्यातल्या हवेत शोधायचे. शिक्षकाला हे ऐकून आपल्या वर्गातली पोरे आठवावीत, असे आहे खरे.

उष्ण देशांतल्या शेतकऱ्याला मात्र काचघर परवडत नाही. त्याच्यासाठी काम झाले तैवानात. १९७१ साली तिथे तैनानजवळ आशियाई भाजीपाला संशोधन केंद्र स्थापन झाले. त्यांनी देशोदेशींचे चार हजारांहून अधिक वाण भर उन्हाळ्यात लावून पाहिले. १९७८ साली छापून आलेला निकाल असा, की त्यांतले शंभरात एकसुद्धा धड उष्णता सोसणारे भरले नाही. पण जे थोडे निघाले, त्यांच्यापासून पुढचे संकर घडले. फुलोऱ्यावर ऑक्सिनसारखे कृत्रिम संप्रेरक फवारण्याचा उपायही तिथे वापरला गेला. त्याने फळ धरते, पण बी नसल्याने कधी आतून पोकळ निघते. वेंटच्या विशीतल्या शोधाचा धागा असा इथवर आला. आणखी एक गंमत म्हणजे मर रोग आणि पावसाळी पाणी यांतून वाचवण्यासाठी ह्याच केंद्राने टोमॅटोचे कलम चक्क वांग्याच्या मुळांवर बांधायची शिफारस केली. 'बेलवांगी' म्हणणाऱ्यांना हे नाते नुसत्या नजरेने कळले होते!

आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने थंडी आणि उष्मा दोन्हींत फळ धरणारा 'पुसा सदाबहार' काढला. जुन्नर-नारायणगावकडचे शेतकरी उन्हाळी टोमॅटो घेतात. ठिबक, आच्छादनाचा कागद, बांबू-तारांचा मांडव, ही त्यांची हत्यारे. आच्छादनाने मुळाशी ओल टिकते, पाणी सारखे मिळाले की फळाचे बूड काळे पडत नाही, शेडनेटने फळ भाजत नाही. तीस अंशांच्या वर फळाचा लाल रंगही नीट भरत नाही, तिथेही सावली कामी येते. हे सारे करावेच. पण हे सगळे दिवसाचे उपाय आहेत. रात्रीवर नेट पसरता येत नाही.

आणि काळजी तिथेच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातले किमान तापमान कमालपेक्षा जास्त वेगाने वाढले. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली तेव्हा आपण दुकानदाराशी हुज्जत घातली. त्या भाववाढीला पाऊस, रोग अशी अनेक कारणे होती. पण पुढच्या काळात त्यांत उबदार रात्रींची भर पडत जाणार, हे वेंटचे जुने आकडे वाचताना जाणवते. म्हणून सोसणारे वाण शोधण्याचे आणि जुनी बियाणी जपून ठेवण्याचे काम थांबता कामा नये. शंभरात एकही न भरणारा तो वाण कुणाच्या परसात असेल, सांगता येत नाही.

असो. घरी कुंडीत लावणार असाल, तर पावसाळा सरताना लावा. दिवाळीनंतरच्या गार रात्री त्याला मानवतात.