नवतप्यातली अंडी

सिराक्यूजच्या एका दारुड्याची गोष्ट ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवली आहे. हा गडी चटईखालच्या मातीत अंडी पुरायचा आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत वर बसून पीत राहायचा. घरच्या घरी अंडी उबवण्याचा इतका निवांत प्रयोग नंतर कुणी केला नसावा. इजिप्तमध्ये शेणाच्या ढिगात अंडी पुरून पिल्लं काढतात, हेही ॲरिस्टॉटल तिथेच सांगतो. त्याच ग्रंथात कॅमेलिऑनचं बारकाईने केलेलं वर्णन आहे : चौफेर फिरणारे डोळे, दुभंगलेले पाय, बदलणारा रंग.

उबवणं म्हणजे ऊब देणं. आपल्या भाषेत तर क्रियापदातच ऊब आहे. दारुड्याचं अंग असो की शेणाचा ढीग, प्रश्न एकच, उष्णता आणायची कुठून? १८व्या शतकात फ्रान्सच्या रेओम्यूरने यावर आख्खं पुस्तक लिहिलं (१७४९). शेणाच्या उष्णतेवर त्याने कोंबडीची पिल्लं काढली, पण अंदाजपंचे नाही, थर्मामीटर लावून. हा थर्मामीटर पुढे कोंबडीकडून सरड्यांकडे आला. कोंबडीची बाकीची शिकवण मात्र इथे चालत नाही. कोंबडी अंडी सारखी फिरवते. सरड्याचं अंडं घातल्यावर थोड्याच काळात आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला धरतो, मग ते उलटलं तर तो मरू शकतो. म्हणून पाळणारे अंडं उचलण्याआधी त्याच्या माथ्यावर पेन्सिलीने हलकी खूण करतात.

आता नागपुरात या. समजा, बर्डीवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये येमेनी कॅमेलिऑनची मादी आहे. हा डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असलेला सरडा, १८५१ साली पॅरिसमधून शास्त्राच्या पुस्तकात आला आणि आज जगभर सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या कॅमेलिऑनपैकी एक आहे. मादी एका वेळी तीस, चाळीस, कधी साठहून जास्त अंडी घालते. ओलसर व्हर्मिक्युलाइट भरलेला प्लास्टिकचा डबा, झाकणाला बारीक भोकं, तापमान २६ ते २८ अंश. इथवर सगळं सोपं आहे. अवघड आहे तो काळ. ही अंडी फुटायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात.

कॅलेंडर काढून बघा. नोव्हेंबरात घातलेल्या अंड्यांना आधी नागपूरची थंडी काढायची, रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास. मग एप्रिल, मे. २५ मेच्या सुमाराला नवतपा लागतो आणि पारा पंचेचाळीस ओलांडतो. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसॉल्टची, खाली बाजार, वर सिमेंटचे स्लॅब. रात्रीही भिंती गरमच. युरोपातला माणूस अंड्यांसाठी हीटर लावतो. इथे त्याच डब्याला जानेवारीत ऊब आणि मेमध्ये गारवा द्यावा लागतो. अंडी उबवायची नसतात, निववायची असतात! विदर्भाला हे तंत्र नवं नाही. ओल्या वाळूवरचा माठ आणि खिडकीतला कूलर दोन्ही बाष्पीभवनावर चालतात. पण कूलर विजेवर चालतो, आणि भर दुपारी चार तास वीज गेली की सहा महिन्यांची मेहनत डब्यातच संपू शकते.

मातीत हा प्रश्नच येत नाही. आपला देशी कॅमेलिऑन, ज्याला कुठे घोयरा तर कुठे सरडगुहिरा म्हणतात, झाडावरच राहतो. मादी अंडी घालायला तेवढी खाली उतरते, बीळ खणते, अंडी घालून माती लोटते आणि निघून जाते. वर दिवसा-रात्रीचा पारा कितीही चढो-उतरो, वीतभर खाली तापमान तितकं हलत नाही.

म्हणून कुणाला वाटेल की परदेशी कशाला, हाच पाळावा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोयऱ्याला संरक्षण आहे, आणि त्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्याच वाचण्यासारखी आहे : सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी फोडणं, इतकंच काय, ती नुसती विस्कटणंही शिकार ठरते. मला ही व्याख्या फार आवडते. बंदूक न उचलता, नुसत्या खुरप्यानेही माणूस शिकारी होतो.

येमेनी पाहुण्याला बरीच वर्षं या कायद्यात जागाच नव्हती. भारत १९७६ साली साइट्स करारात सामील झाला, पण देशात आधीच असलेल्या परदेशी प्राण्यांकडे कायदा बघत नव्हता. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, २८ फेब्रुवारी २०२४ला नियम आले, आणि आता असा प्राणी घरात असेल तर परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. मृत्यूची नोंद करायची, तशी जन्माचीही.

म्हणजे नवतपा निभावला, जुलैच्या एखाद्या दमट सकाळी अंड्यांवर घामासारखे थेंब आले, कवचाला चीर पडून करंगळीएवढी पिल्लं बाहेर पडली, की त्यातल्या प्रत्येकाची सरकारदरबारी नोंद. शिवाय ही चाळीस पिल्लं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून खायला मागतात, आणि खातात फक्त जिवंत, हलणारे, मोहरीएवढे किडे. थोडी मोठी झाली की एकमेकांच्या नजरेलाही पडू नयेत म्हणून प्रत्येकाला वेगळी पेटी. फ्लॅट वन-बीएचके असेल तर चाळीस पेट्या मांडायच्या कुठे?