केट वॉर्नचे 'प्रकरण'

तीन वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहावयास घेतली होती. नायक मध्यमवयीन, संसारी, हट्टी गुप्तहेर. नायिका त्याच्याच कचेरीतली तरुण विधवा. दोघे एका चोराच्या मागावर निघतात, आणि चोर सापडेपर्यंत एकमेकांना सापडतात. पात्रे कल्पित नव्हती. अमेरिकेत शिकागो शहरी ती खरोखर होऊन गेली. कादंबरी मात्र पुरी झाली नाही. त्याची ही हकीकत.

अ‍ॅलन पिंकर्टन मूळचा ग्लासगोचा, जन्म १८१९. धंद्याने लाकडी पिंपे करणारा. मजुरांच्या चार्टिस्ट चळवळीत पडला आणि १८४२ साली लग्न होताच बायकोला, जोनला घेऊन अमेरिकेस गेला. तेथे पिंपांसाठी लाकूड तोडायला एका नदीतल्या बेटावर गेला असता खोटी नाणी पाडणाऱ्यांचा अड्डा त्याच्या दृष्टीस पडला, आणि पिंपांचा धंदा सुटला. काही दिवस शिकागोच्या पोलिसांत काढून १८५०च्या सुमारास त्याने स्वतःची खाजगी गुप्तहेर-संस्था काढली. चमत्कारिक गृहस्थ! चोरांमागे धावणारा हा मनुष्य दक्षिणेकडून पळून आलेल्या गुलामांना आपल्या घरात लपवी. १८५९ साली जॉन ब्राउन असे काही गुलाम घेऊन शिकागोस आला, तेव्हा त्यांना पुढे पोचवायला याने पैसे जमवले आणि आगगाडीचा डबाही मिळवून दिला. कोणत्या पळालेल्याला धरावे आणि कोणत्याला सोडावे, हे तो कायद्याला विचारीत नसे.

या मनुष्यासमोर १८५६ साली सुमारे तेवीस वर्षांची केट वॉर्न येऊन उभी राहिली. त्याला वाटले, कारकुनी मागायला आली असेल. तिला गुप्तहेराचीच जागा हवी होती. जेथे पुरुषाला उंबरा ओलांडता येत नाही तेथे बाई जाऊन बसते, आणि बढाईखोर पुरुष बाईपुढे तोंड आवरीत नाही, हा तिचा मुद्दा. पिंकर्टनने रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी तिला नोकरी दिली. अमेरिकेतली ती पहिली स्त्री-गुप्तहेर मानली जाते.

माझी कादंबरी ज्या चोरीवर उभी होती ती अ‍ॅडम्स एक्सप्रेस कंपनीची. अलाबामातल्या माँटगोमेरी येथील एजंट मरोनी याने कंपनीचे पन्नास हजार डॉलर दोन खेपांत लांबवले, अशी १८५९ सालची तक्रार. खरे म्हणजे पळालेला तो नव्हता. पळालेले होते पैसे. तो तुरुंगात असताना त्याची बायको पेनसिल्व्हेनियातल्या जेंकिनटाउन गावी राहिली. केट तेथे 'मादाम इम्बर' होऊन गेली. नवरा खोट्या सह्यांपायी तुरुंगात आहे, असे तिने सांगितले. दोघींचे दुःख एकच! त्या बरोबर फिरायला जात. तिकडे नवऱ्याच्या कोठडीत पिंकर्टनचाच माणूस मित्र होऊन बसला होता. पैसे याच्या हवाली कर, असा नवऱ्याचा निरोप आला, तेव्हा ती बाई घाबरली आणि सल्ल्यासाठी कोणाकडे गेली? मादाम इम्बरकडे. मादामने सांगितले, नवऱ्याचे ऐकावे. तळघर उकरले गेले. चाळीस हजारांपैकी ३९,५१५ डॉलर मिळाले. मरोनीला दहा वर्षांची शिक्षा झाली.

पिंकर्टनने हे सारे १८७४ साली पुस्तक लिहून रंगवले आहे, तेव्हा तिखटमीठ वजा करूनच घ्यावे. पण हा प्रसंग लिहिताना माझी लेखणी अडली. मी नायक-नायिकेच्या नजरानजरेची तयारी करीत होतो, आणि मन त्या फसलेल्या बाईपाशी घोटाळत होते. त्या कथेत प्रेम म्हणावे असे काही असेल तर ते तिचे, मैत्रिणीवरचे. आणि ते केटच्या पगारी कामाचा भाग होते.

मग प्रेमप्रकरणाला पुरावा काय? दोघांनी कामासाठी सोंगे घेतली, हे खरे. १८६१च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरमध्ये लिंकनवर हल्ला होणार असा सुगावा लागला, तेव्हा आजारी भावासाठी म्हणून तिने आगगाडीत निजण्याच्या जागा घेतल्या; तो 'भाऊ' म्हणजे लिंकन, आणि पिंकर्टन त्याच गाडीत होता. १८६८च्या जानेवारीत केट वारली, तेव्हा पिंकर्टन तिच्या उशाशी होता, असे सांगतात. शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत त्याच्या कुटुंबाच्या जागेत तिला पुरले. एवढ्यावरून काही चरित्रकारांनी सूत कातले. पण त्याच जागेत त्याने आपल्या इतर नोकरांनाही स्थान दिले, हे ते हळूच सांगतात. कचेरीची बरीचशी कागदपत्रे १८७१च्या आगीत गेली. जोन मात्र अखेरपर्यंत त्याची बायको राहिली. तिला काय वाटले, हे कोणी विचारले नाही.

आमच्या गावात एखादे मास्तर आणि एखाद्या बाई एकाच एस. टी.तून दोनदा उतरल्या, की तिसऱ्या खेपेला कथानक तयार असते. माझ्या एका सहकारी बाईंनी अशा कथानकापायी बदली मागून घेतली. बारा वर्षे त्या उत्तम गणित शिकवीत होत्या. गावाला आठवते ते एस. टी.चे. त्या वेळी शिक्षकांच्या खोलीत मीही हसलो होतो. कादंबरीचे सातवे प्रकरण लिहिताना ते हसू मला आठवले आणि पाने मी फाडून टाकली. प्रकाशकांचे म्हणणे, प्रेम नसेल तर हे पुस्तक घेणार कोण? त्यांचे चुकले असे नाही.

केटच्या थडग्यावर तिच्या आडनावातले शेवटचे इंग्रजी अक्षर गाळलेले आहे. मराठीत लिहिताना ते अक्षर लागतच नाही.