एचबीचा आकडा येतो कुठून?

गेल्या वर्षी ऐन सोयाबीन काढणीत गावात आरोग्य शिबिर झालं. आमच्या गटातली एक मैत्रीण तेव्हा पाचव्या महिन्यात होती. तिच्या बोटाला सुई टोचली, पण रक्त येईना. तपासणाऱ्या मुलाने बोट दाबून दाबून एक थेंब काढला आणि कागदावर लिहिलं, एचबी ६.९. सगळ्यांची धावपळ उडाली. सासूबाईंनी तिथंच ऐकवलं, "हिला कितीदा सांगितलं, दोन घास जास्त खा म्हणून!" दुसऱ्या दिवशी जीप करून तिला तालुक्याला नेलं. तिथं शिरेतून रक्त घेतलं. रिपोर्ट आला ९.१. रक्त कमी होतंच, पण गोळ्यांवर भागण्यासारखं. जीपचं भाडं गेलं, दोन माणसांची मजुरी बुडाली, आणि बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पुढे आठव्या महिन्यात आशाताई तिला तपासणीला न्यायला आल्या, तर ती जागची उठेना. म्हणाली, "तुमचा आकडाच खोटा. कशाला येऊ?"

आम्ही तिला काय सांगणार? आम्हालाच माहीत नव्हतं की हा आकडा येतो कुठून आणि चुकतो कसा. म्हणून नर्सबाईंना, लॅबवाल्यांना विचारत गेलो, वाचत गेलो. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

रक्त मोजणं हे सुरुवातीला रंग जुळवणं होतं. साडीला फॉल जुळवावा तसं. १८७८ साली लंडनचे डॉक्टर गावर्स यांनी रक्तात पाणी घालून त्याचा रंग ठरावीक रंगाशी जुळवायची नळी काढली. पुढे स्वित्झर्लंडच्या डॉक्टर साहली यांनी त्यात सुधारणा केली. ही साहलीची पेटी आपल्या जुन्या नर्सबाईंनी वर्षानुवर्षे वापरली आहे. नळीत आम्ल घ्यायचं, त्यात मोजून रक्त सोडायचं, ते तपकिरी होतं. मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा आणि नळीवरचा आकडा वाचायचा. रक्ताला पुरतं तपकिरी व्हायला दहाएक मिनिटं लागतात. रांग मोठी असली की तेवढं कोण थांबणार? घाई केली की आकडा कमी दिसतो. उजेड कमी असला, काच जुनी होऊन फिकी पडली, तरी फरक. फिनलंडच्या टालक्विस्ट यांनी तर कागदच केला होता. त्यावर रक्ताचा थेंब टिपायचा आणि छापील लाल पट्ट्यांशी ताडून पाहायचा. सोपं होतं, स्वस्त होतं, आणि बेभरवशाचंही.

पण त्याच काळात नीट मोजणारे हातही होते, आणि त्यातले एक आपल्या मुंबईत होते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आल्या. बाळंतपणात गिरणीकामगार बायका रक्त कमी होऊन दगावत होत्या, त्याचं कारण शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केलं. या बायकांच्या रक्तातल्या लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. म्हणजे हे साधं लोह कमी पडण्याचं दुखणं नव्हतं. यीस्टचा अर्क दिल्यावर बायका सुधारल्या, आणि हे त्यांनी १९३१ साली छापून जाहीर केलं. त्या अर्कात जे होतं त्याला पुढे फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. गरोदरपणी आपण घेतो त्या लाल गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असतं, त्याचं मूळ हे असं परळला आहे. विल्सबाईंनी पेशी अंदाजपंचे मोजल्या असत्या तर लहान-मोठी पेशी दिसलीच नसती.

असं असूनही लॅबचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, असंच डॉक्टर मंडळी धरून चालत. तो भ्रम अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यात फुटला. बेल्क आणि संडरमन या दोन डॉक्टरांनी तिथल्या ५९ हॉस्पिटलांच्या लॅबना एकसारखेच नमुने पाठवले. उत्तर काय यायला हवं ते या दोघांना आधीच ठाऊक होतं. १९४७ साली निकाल छापला. बरोबर उत्तरांपेक्षा चुकीची उत्तरं जास्त होती!

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. एकाच म्हशीचं दूध दोन डेअऱ्यांवर घाला आणि फॅट बघा. फरक इतकाच की डेअरीवर आपण भांडतो, आणि लॅबच्या कागदापुढे मान डोलावतो.

संडरमन यांच्या कामातून ही रीत रुजली, की लॅबची परीक्षा बाहेरच्याने घ्यायची. आज आपल्या देशातही वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि दिल्लीचं एम्स अशा संस्था लॅबना नमुने पाठवून उत्तरं तपासतात. ज्या लॅब भाग घेतात त्यांचीच परीक्षा होते, हे मात्र लक्षात ठेवायचं. दुसरी रीत आली कारखान्यातून. टेलिफोन बनवणाऱ्या कंपनीत शूहार्ट नावाच्या माणसाने १९२४ साली मालाचा दर्जा पाहायला एक तक्ता काढला होता. १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी तो लॅबमध्ये आणला. सकाळी पेशंटचं रक्त लावण्याआधी ज्याचं उत्तर माहीत आहे असा नमुना मशीनला लावायचा आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा. ठिपका आखलेल्या रेघांच्या बाहेर गेला तर काम थांबवून आधी मशीन दुरुस्त करायचं. चांगल्या लॅबमध्ये आजही हा तक्ता असतो. हिमोग्लोबिनसाठीही १९६०च्या दशकात जगभर एकच पद्धत आणि एकच प्रमाण द्रावण ठरलं.

मग मशीन सुधारली तरी आमच्या मैत्रिणीचा आकडा का चुकला? याचं उत्तर इटलीतल्या पादुआ शहरात सापडलं. तिथल्या लॅबने स्वतःच्याच चुका मोजल्या आणि १९९७ साली छापल्या. ४०,४९० तपासण्यांत १८९ चुका, आणि त्यातल्या ६८ टक्के रक्त मशीनपर्यंत पोचण्याआधीच झालेल्या. म्हणजे टोचताना, भरताना, नाव लिहिताना, नेताना.

हा भाग आम्ही दोनदा विचारून घेतला. बोट दाबून काढलं की रक्ताबरोबर अंगातलं पाणी येतं आणि एचबी कमी दिसतो. हात गार असेल तर आधी चोळून गरम करायचा, स्पिरिट वाळू द्यायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, पुढचा आपसूक येऊ द्यायचा. शिरेतून घेताना दंडाचा पट्टा मिनिटाहून जास्त आवळून ठेवला तर रक्त दाट होतं आणि एचबी उगाच जास्त दिसतो. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते, आणि आमच्या मते ही दुसरी जास्त घातक, कारण बाई "ठीक आहे" म्हणून घरी जाते. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्या हातातून रक्त घेतलं तर ते पातळच येणार.

बुचांचे रंगही शोभेचे नाहीत. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध असतं. एचबीचं रक्त त्यात घेतात आणि नळी हळूच आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करतात. नाही केली तर गुठळी होते आणि मोजणी बिघडते. साखरेसाठी करड्या बुचाची नळी, कारण साध्या नळीत रक्तातल्या पेशीच साखर खात राहतात आणि तासाला पाच-सात टक्के साखर कमी होते. आणि नाव! आमच्याच गटात तीन सुनीता आहेत. नळीवर पूर्ण नाव आणि वय आपल्यासमोर लिहिलेलं बघितल्याशिवाय उठायचं नाही.

या थेंबाने सरकारचेही आकडे हलले आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटातलं रक्त घेतलं, तेव्हा पाच वर्षांखालच्या सुमारे ५९ टक्के मुलांत रक्त कमी निघालं. २०१६ ते २०१८ च्या पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त लॅबमध्ये तपासलं, तर एक ते चार वर्षांच्या मुलांत ते सुमारे ४१ टक्के आलं. वयोगट थोडे वेगळे आहेत, आणि फरक नेमका कशाने यावर जाणकारांचा वाद आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ साली शिरेतल्या रक्तालाच पसंती दिली.

हे सगळं घेऊन आम्ही मैत्रिणीकडे गेलो. आकडा खोटा नव्हता ग, थेंब चुकीचा घेतला होता, असं सांगितलं. सासूबाईही ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात नर्सबाईंनी तिचा हात चोळून गरम केला, पहिला थेंब पुसला. एचबी ७.४. तालुक्याला शिरेतल्या रक्तात ७.६. या वेळी आकडे जुळले, आणि रक्त खरंच उतरलं होतं. गोळ्यांना आता वेळ नव्हता, म्हणून सलाईनमधून लोहाची इंजेक्शनं दिली. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात झालं. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

यंदाच्या शिबिरात रक्त घेण्याच्या टेबलाशेजारी आमच्या गटातली एक बाई उभी होती. रांगेत पुढे सासूबाई होत्या. बोट पुढे करण्याआधी त्यांनी तपासणाऱ्याला विचारलं, "मशीन आज सकाळी तपासलं का रे बाळा?"