आडबंधित नैसर्गिक बहुवारिक पटले

जिलेटिन, कायटोसान, अल्जिनेट अशा नैसर्गिक बहुवारिकांच्या साखळ्या आडव्या बंधांनी एकमेकींशी जोडून केलेले, औषध सामावून ते सावकाश सोडणारे पातळ पापुद्रे. असे बंध नसतील तर जिलेटिनचे पटल शरीराच्या उष्णतेने विरघळून जाते व औषध एकदम मोकळे होते. बंध असले की पटल पाणी शोषून केवळ फुगते, आणि विमोचनाचा वेग बहुतांशी या फुगण्यावर ठरतो.

बंधन : सहसंयुजी बंधांसाठी ग्लुटारल्डिहाइड फार वापरले जाते. ते जिलेटिन व कायटोसान यांतील अमिनो गटांशी जुळते. मात्र पटलात उरलेला अंश पेशींना घातक असल्याने धुऊन काढावा लागतो. गार्डेनियाच्या फळांपासून मिळणारे जेनिपिन त्यामानाने सौम्य मानतात. त्याने कायटोसानचे पटल निळे पडते. आयनी बंधांसाठी अल्जिनेटला कॅल्शियम, तर कायटोसानला ट्रायपॉलिफॉस्फेट लागते. हे बंध पक्के नसतात : खारट द्रवात सोडियम कॅल्शियमची जागा घेते आणि अल्जिनेटचे पटल सैल पडते.

फुगणे : कायटोसान आम्लात अधिक फुगते. अल्जिनेटचे उलट, जठराम्लात ते आक्रसलेले राहते आणि आतड्यात फुगते.

विमोचन : बंध दाट झाले की जाळीची छिद्रे लहान होतात व औषधाचे विसरण मंदावते. पृष्ठभागालगतचे औषध मात्र सुरुवातीलाच सुटते. विसरण प्रभावी असल्यास सुटलेले औषध प्रथम काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. हिगुची यांनी १९६१ मध्ये मलमाच्या थरांसाठी असेच समीकरण मांडले होते. जाडी दुप्पट केली की विसरणाला लागणारा काळ सुमारे चौपट होतो. म्हणून जाडी व माध्यम नोंदवलेले नसेल, तर दोन पटलांच्या आलेखांची तुलना निरर्थक ठरते.

उपयोग : हिरडीच्या विकारावरील पेरिओचिप हे वापरात आलेले ठळक उदाहरण. ग्लुटारल्डिहाइडने बांधलेल्या जलविच्छेदित जिलेटिनच्या या नारिंगी-तपकिरी चकतीत २.५ मिग्रॅ. क्लोरहेक्सिडीन ग्लुकोनेट असते. एका टोकाला गोलसर असलेली ही चकती दात व हिरडी यांमधील खोल पोकळीत सरकवतात. प्रयोगशाळेतील चाचणीत पहिल्या २४ तासांत सुमारे ४०% औषध सुटते, उरलेले ७ ते १० दिवसांत जवळपास एकसारख्या गतीने. जिलेटिनचे विघटन होत असल्याने चकती काढावी लागत नाही.

यांत्रिक गुणधर्म : बंधांमुळे ताणबल एका मर्यादेपर्यंत वाढते, पुढे पटल ठिसूळ होते; लवचीकपणासाठी ग्लिसरॉल मिसळतात.