शब्दवेध : रंगकेंद्र

चाकणच्या जर्मन मोटारींवर जो रंग चढतो त्याला जर्मन भाषेत ‘फार्बे’ म्हणतात, आणि गटिंगेनचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट पोल यांनी अभ्यासलेल्या ‘एफ’ केंद्राचे आद्याक्षर त्याच शब्दाचे. मिठाच्या स्फटिकात क्लोराइडची जागा खाली पडून तिथे इलेक्ट्रॉन वहिवाटदार होऊन बसला, की हे केंद्र तयार होते आणि रंगहीन मीठ पिवळट दिसू लागते. त्याचे आपले नाव ‘रंगकेंद्र’, ‘रञ्ज्’ धातूचे; त्याच धातूचा ‘राग’ संस्कृतात रंग आणि प्रीती, मराठीत (काय ही उलथापालथ!) संताप. प्रकाशाने चाळवलेला रंगकेंद्रातला इलेक्ट्रॉन घेतलेली ऊर्जा थंडगार पोटॅशियम क्लोराइडात अवरक्त किरणांच्या रूपाने परत करतो. सोडियम ब्रोमाइडात व आयोडाइडात मात्र ती न उजळताच आयनांच्या कंपनांत, म्हणजे उष्णतेत, जिरते, आणि याची उपपत्ती डेक्स्टर, क्लिक व रसेल यांनी १९५५ साली मांडली. याला ‘निष्प्रारण शिथिलन’ म्हणणे शास्त्रशुद्ध खरे. मला ‘राग गिळणे’ अधिक चपखल वाटते.